प्रतिहारिणी सिरेतील दाबवृद्धी आणि रक्ताचे पर्यायी मार्ग : औद्योगिक पट्ट्यातील वैद्यांनी लक्षात ठेवावयाच्या काही गोष्टी

पिंपरी, भोसरी, तळवडे, महाळुंगे आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात चिकित्सा करणाऱ्या वैद्यांकडे चार तक्रारी नित्य येतात : मूळव्याधीतून रक्त पडणे, आम्लपित्त, पोट फुगणे आणि अशक्तपणा. तीन पाळ्यांत काम, अवेळी जेवण, जागरण आणि मद्यपान यांचा विचार करता या तक्रारींत नवल काही नाही. बहुसंख्य रुग्णांत त्यांचे कारण साधेच असते. परंतु काही थोड्या रुग्णांत या चारही तक्रारींच्या मुळाशी एकच विकार असतो, तो म्हणजे यकृताकडे रक्त नेणाऱ्या प्रतिहारिणी सिरेतील वाढलेला दाब. हा विकार वर्षानुवर्षे मूक राहतो आणि एखाद्या दिवशी रक्ताच्या उलटीने प्रकट होतो. तो मूक असतानाच ओळखता यावा, यासाठी या सिरेची रचना आणि तिचे पर्यायी मार्ग प्रस्तुत लेखात आम्ही मांडत आहोत. पदवी अभ्यासक्रमात रचनाशारीराच्या तासाला हा भाग सर्वांनी वाचलेला असतो, पण परीक्षेनंतर त्याचा रुग्णाशी असलेला संबंध विसरला जातो, असा आमचा अनुभव आहे.

रचना

प्रतिहारिणी सिरा, जिला आपण व्यवहारात पोर्टल व्हेन म्हणतो, ती प्लीहेकडून येणारी सिरा आणि आंत्राकडून येणारी ऊर्ध्व आंत्रसिरा यांच्या संयोगाने अग्न्याशयाच्या ग्रीवेमागे तयार होते. तिची लांबी सुमारे ८ सेंटिमीटर असते. जठर, लहान व मोठे आतडे, प्लीहा आणि अग्न्याशय या सर्वांचे रक्त ती यकृताकडे आणते. यकृताला मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त मिळते व त्यातील जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त याच सिरेतून येते. उरलेले रक्त यकृत धमनीतून येते.

या सिरेची दोन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवावीत. पहिले असे की, ती केशिकांच्या एका जाळ्यातून सुरू होते आणि दुसऱ्या जाळ्यात संपते. म्हणजे आतड्यातून शोषलेला आहाररस हृदयाकडे जाण्यापूर्वी यकृतातून गाळून जावाच लागतो. दुसरे असे की, तिच्यात व तिच्या उपशाखांत झडपा नसतात. त्यामुळे पुढची वाट अडली तर रक्त उलट दिशेने वाहू शकते. पुढील सर्व लक्षणांचे मूळ या दुसऱ्या वैशिष्ट्यात आहे.

या सिरेतील दाब प्राकृत अवस्थेत पाऱ्याच्या ५ ते १० मिलिमीटरइतकाच असतो. रुग्णालयात दाब मोजताना प्रतिहारिणी सिरा आणि यकृतातून बाहेर पडणाऱ्या सिरा यांच्या दाबांतील अंतर पाहतात. हे अंतर १ ते ५ मिलिमीटर असणे प्राकृत होय. ते १० किंवा त्याहून अधिक झाले की फुगलेल्या सिरा, जलोदर इत्यादी उपद्रवांची शक्यता निर्माण होते आणि १२ च्या पुढे गेल्यास त्या सिरा फुटण्याचे भय असते.

अडथळा कोठे

अडथळ्याच्या स्थानावरून या विकाराचे तीन गट पडतात. यकृताच्या अलीकडे, म्हणजे प्रतिहारिणी सिरेतच रक्त गोठून अडथळा झाला, तर यकृताचे कार्य बरेचसे चांगले राहते, मात्र प्लीहा मोठी होते. भारतातील मुलांमध्ये हा प्रकार ठळकपणे आढळतो. दुसरा गट प्रत्यक्ष यकृतातील अडथळ्याचा. मद्य, ब व क प्रकारची कावीळ आणि मेदयुक्त यकृत यांमुळे यकृत घट्ट व गाठाळ होते, ती अवस्था याच गटात मोडते. सिऱ्होसिस नसतानाही यकृतातील सिरांच्या बारीक शाखांभोवती तंतू वाढून दाब वाढण्याचा एक प्रकार भारतात वर्णिलेला आहे, तोही याच गटात घ्यावा. तिसऱ्या गटात अडथळा यकृताच्या पलीकडे, यकृतसिरांत किंवा अधोमहासिरेत असतो.

आपल्या पट्ट्यात केवळ मद्यपी रुग्णाचाच विचार करून चालणार नाही. बैठे काम, कॅन्टीनमधील तेलकट आहार, वाढलेला कंबरेचा घेर आणि मधुमेह असलेला निर्व्यसनी पर्यवेक्षकदेखील याच वाटेवर असू शकतो.

पर्यायी मार्ग कोणते

पुढची वाट अडली की रक्त जुन्या, बारीक व एरवी जवळजवळ निरुपयोगी असलेल्या जोडवाटांनी सार्वदेहिक सिरांकडे वळते. पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणच्या चौकात कोंडी झाली की वाहने शेजारच्या गावांतील अरुंद रस्त्यांवर शिरतात, तसेच हे समजावे. ते रस्ते एवढ्या भारासाठी बांधलेले नसतात. या जोडवाटा मुख्यत्वे पुढील ठिकाणी आहेत.

१. अन्ननलिकेचे खालचे टोक : येथे जठराची वाम सिरा आणि अन्ननलिकेच्या सिरा परस्परांना मिळतात व रक्त छातीतील ॲझायगस सिरेद्वारे ऊर्ध्व महासिरेत जाते. अन्ननलिकेच्या शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये या सिरा श्लेष्मल त्वचेच्या अगदी लगत असतात, त्यांना बाहेरून आधार नसतो. म्हणून सर्वांत घातक रक्तस्राव येथेच होतो. जठराच्या वरच्या भागातही अशाच सिरा फुगतात. त्यांचे जगभर वापरले जाणारे वर्गीकरण दिल्लीचे यकृततज्ज्ञ डॉ. शिवकुमार सरीन यांनी १९९२ मध्ये मांडले.

२. गुदप्रदेश : ऊर्ध्व गुदसिरा प्रतिहारिणी संस्थेची, तर मध्य व अधो गुदसिरा सार्वदेहिक संस्थेच्या. त्यांच्या संगमावर सिरा फुगतात.

३. नाभी : गर्भावस्थेतील नाभीसिरेच्या अवशेषालगत असलेल्या बारीक सिरा उघडतात आणि उदराच्या त्वचेवरील सिरांना मिळतात. नाभीभोवती सिरांचे जाळे उमटते. काही रुग्णांत तेथे श्रवणयंत्र ठेवल्यास सतत गुणगुणल्यासारखा ध्वनी ऐकू येतो.

४. उदराची मागील भिंत : आतड्याच्या सिरा वृक्क व कटिप्रदेशातील सिरांना मिळतात. प्लीहा व डावे वृक्क यांच्या सिरांतही मोठी जोडवाट तयार होऊ शकते. ही बाहेरून दिसत नाही, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्येच कळते.

५. यकृताचा पटलाला चिकटलेला भाग : येथील बारीक सिरा श्वासपटलाच्या सिरांना मिळतात.

एवढ्या वाटा उघडल्यावर दाब उतरावा, असे कोणासही वाटेल. तसे होत नाही. या विकारात आतड्याकडील धमन्या विस्फारतात, त्यामुळे प्रतिहारिणी सिरेत येणारे रक्तच वाढते. वाट मोकळी झाली तरी आवक वाढल्याने दाब कायम राहतो. प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल ही औषधे आवक कमी करतात, म्हणूनच त्यांचा उपयोग होतो. रुग्ण ही औषधे घेत असेल तर ती रक्तदाबाची साधी गोळी समजून अचानक बंद करू नयेत वा करवू नयेत.

उदररोगाच्या वर्णनाशी संबंध

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तेराव्या अध्यायात आठ उदररोग सांगितले. प्लीहोदर व त्याच्याशी जोडलेले यकृतोदर आणि शेवटी जलोदर हा क्रम चिकित्सकाने मुद्दाम पाहावा. जलोदराच्या वर्णनात उदर अनेक रंगांच्या रेषा व सिरांनी व्यापलेले असते, असे निरीक्षण आहे. प्राचीन आचार्यांना प्रतिहारिणी सिरेतील दाब ठाऊक होता, असा दावा आम्ही करणार नाही, त्याची गरजही नाही. उघड्या डोळ्यांनी जे दिसते ते त्यांनी अचूक टिपले, एवढे पुरेसे आहे. तेवढेच निरीक्षण आपण आपल्या दवाखान्यात करतो का, हा खरा प्रश्न आहे.

सुश्रुताचार्यांनी जलोदरात जल काढण्याचा विधी सांगताना सर्व जल एकाच दिवशी काढू नये, काही दिवसांच्या अंतराने थोडे थोडे काढावे, असे बजावले आहे. एकदम काढल्यास तृष्णा, ज्वर, श्वास इत्यादी उपद्रव होतात, असे कारणही दिले आहे. आजच्या रुग्णालयात ५ लिटरपेक्षा अधिक जल काढावयाचे असल्यास शिरेतून अल्ब्युमिन देतात, कारण एकदम जल काढल्याने रक्ताभिसरण कोसळते व वृक्के निकामी होऊ शकतात. कारणमीमांसा निराळी असली तरी सावधगिरी तीच आहे. चरकाचार्यांनी उदररोगात लवण व जलपान यांवर घातलेला निर्बंध आणि आजचा मीठ कमी करण्याचा सल्ला यांतही असेच साम्य आहे. पाणी मात्र आज सरसकट तोडत नाहीत, रक्तातील सोडियम बरेच उतरले असेल तरच त्यावर मर्यादा घालतात.

दवाखान्यात काय पाहावे

यंत्राशिवाय होणारी तपासणी पाच मिनिटांची आहे. रुग्णास उताणे निजवून पोट पूर्ण उघडे करावे. डोळ्यांतील पिवळेपणा, छाती व खांद्यावरील कोळ्याच्या आकाराच्या लाल खुणा, तळहाताची लाली, पुरुषांत वाढलेले स्तन, पायांवरील सूज आणि डाव्या फासळ्यांखाली प्लीहेची कडा पाहावी. प्लीहा हाताला लागते तेव्हा ती आकाराने बरीच वाढलेली असते, हे विसरू नये.

पोटावर सिरा दिसत असतील तर त्यांतील रक्ताची दिशा तपासावी. नाभीखालील एका सिरेवर दोन बोटे शेजारी ठेवून, ती एकमेकांपासून दूर सरकवून मधली सिरा रिकामी करावी. मग एक बोट उचलावे. सिरा लगेच भरली तर रक्त त्या बाजूने येते. प्रतिहारिणी दाबवृद्धीत रक्त नाभीपासून दूर वाहते, म्हणजे नाभीखाली ते खालच्या दिशेने जाते. नाभीखाली रक्त वरच्या दिशेने जात असेल तर अडथळा अधोमहासिरेत असण्याची शक्यता विचारात घ्यावी.

रक्ततपासणीत प्लेटलेटकडे विशेष लक्ष द्यावे. पावसाळ्यात प्लेटलेट कमी दिसल्या की आपण सर्व डेंग्यूकडे वळतो. परंतु ज्वर नसताना, किंवा ज्वर उतरून महिना झाल्यावरही प्लेटलेट दीड लाखाच्या खाली राहत असतील, तर मोठ्या झालेल्या प्लीहेचा विचार करावा. कारखान्यातील वार्षिक तपासणीचे कागद कामगार घरी ठेवून देतात, ते मागवून पाहावेत. तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की उतरता क्रम आपोआप दिसतो. अशा रुग्णाची सोनोग्राफी करून प्लीहेचा आकार व प्रतिहारिणी सिरेची रुंदी पाहावी. सिरा १३ मिलिमीटरहून रुंद असणे सूचक मानतात. सोनोग्राफी प्राकृत आली तरी संशय पूर्ण फिटत नाही. सिऱ्होसिसच्या निम्म्या रुग्णांत अन्ननलिकेच्या सिरा फुगलेल्या असतात आणि कोणाची एन्डोस्कोपी करावी हे यकृताचा घट्टपणा व प्लेटलेट यांवरून ठरवता येते. हा निर्णय तज्ज्ञावर सोपवावा, रुग्णास तेथवर पोहोचविणे हे आपले काम आहे.

मूळव्याध की गुदसिरा

या पट्ट्यात क्षारसूत्र व मूळव्याधीची चिकित्सा करणारे वैद्य पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. अर्श म्हणजे गुदातील प्राकृत गाद्यांचा विकार. प्रतिहारिणी दाबवृद्धीत फुगणाऱ्या गुदसिरा या वेगळ्या असतात, त्या गुदद्वाराच्या वर मलाशयातही पसरलेल्या दिसतात. बाह्यतः दोन्ही सारख्या भासू शकतात. दाबवृद्धीच्या रुग्णास साधा अर्शही असू शकतो, त्यामुळे प्रॉक्टोस्कोपीनेच निवाडा करावा. फुगलेल्या सिरेवर अर्श समजून बंधन, क्षारकर्म अथवा छेद केला तर रक्तस्राव आटोक्याबाहेर जाऊ शकतो. प्लेटलेट कमी आणि रक्त गोठण्यास विलंब, हे दोन्ही दोष त्याच रुग्णात असतात. म्हणून कोणत्याही अर्शकर्मापूर्वी पोटाची तपासणी, हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि रक्त गोठण्याचा काळ पाहण्याचा नियम प्रत्येक दवाखान्याने ठेवावा, असे आम्ही आग्रहाने सुचवतो. त्याचा खर्च थोडा आहे, परंतु न केल्यास मोजावी लागणारी किंमत रुग्णाचा जीव आहे.

काळे शौच, रक्ताची उलटी आणि बदललेला स्वभाव

डांबरासारखे काळे, चिकट व उग्र वासाचे शौच हे वरच्या मार्गातील रक्तस्रावाचे लक्षण होय. मंडूर, लोहभस्म वा लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, परंतु ते चिकट व तसे दुर्गंधी नसते. शंका असेल तर लोहकल्प थांबवून वाट पाहत बसू नये. नाडी, रक्तदाब व हिमोग्लोबिन त्याच दिवशी पाहावे. रक्ताची उलटी झालेल्या रुग्णास तोंडाने काहीही न देता एका कुशीवर निजवून तत्काळ रुग्णालयात हलवावे. सिऱ्होसिसमध्ये अशा एका रक्तस्रावानंतर सहा आठवड्यांत दर सहा-सात रुग्णांमागे एक दगावतो. चाकणहून पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाकडे किंवा अन्यत्र जाताना पाळी सुटण्याच्या वेळी रस्त्यावर किती वेळ जातो, हे सर्वांना ठाऊक आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध आहे, तिला आधी दूरध्वनी करून मगच चिठ्ठी लिहावी. रुग्णालयात टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड, प्रतिजैविक, जपून दिलेले रक्त आणि १२ तासांच्या आत एन्डोस्कोपीने सिरांचे बंधन, असा क्रम असतो. स्तंभन चिकित्सेचा प्रयोग करण्याची ही वेळ नव्हे.

पर्यायी मार्गांचा दुसरा परिणाम मेंदूवर होतो. यकृतातून गाळून न जाता आतड्यातील अमोनियादी द्रव्ये थेट मेंदूपर्यंत जातात. दिवसा झोप व रात्री जागरण, अक्षर बिघडणे, चिडचिड, हात पुढे ताणल्यावर पंजे फडफडणे ही आरंभीची लक्षणे होत. रात्रपाळी करणाऱ्या कामगारात झोपेचा उलटा क्रम पाळीवर ढकलला जातो, तसेच अडखळते बोलणे दारूवर ढकलले जाते. यंत्रावर काम करणाऱ्या माणसात ही चूक हात गमावण्यास कारण ठरू शकते. पत्नीस किंवा सोबतच्या कामगारास वेगळे विचारून घ्यावे.

आपल्या औषधांविषयी

चरकाचार्यांनी उदररोगात नित्य विरेचन सांगितले आहे आणि आधुनिक वैद्यकही लॅक्टुलोज देऊन दिवसाला दोन ते तीन मऊ शौच व्हावेत, असे पाहते. येथपर्यंत दोन्ही मार्ग जवळ आहेत. परंतु जयपाल, दंती यांसारख्या तीक्ष्ण विरेचनाने पाणी व क्षार निघून गेल्यास हाच रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. मृदू विरेचन, तेही मोजून, एवढीच मर्यादा ठेवावी.

यकृत-प्लीहा वृद्धीत कुमार्यासव, रोहितकारिष्ट देण्याची परंपरा आहे. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यांश साधारणतः ५ ते १० टक्के असतो. मद्यामुळे यकृत बिघडलेल्या, मद्य सोडू पाहणाऱ्या रुग्णास ते देणे आम्हास योग्य वाटत नाही. तेथे क्वाथ वा चूर्णकल्प निवडावा. आरोग्यवर्धिनीत ताम्रभस्म व कज्जली असते, हेही विसरू नये.

ताम्राबाबत पुण्याचाच एक धडा आहे. एकेकाळी सहा महिने ते चार-पाच वर्षे वयाच्या मुलांत यकृत दगडासारखे घट्ट होऊन प्लीहावृद्धी, जलोदर व मृत्यू ओढवणारा, भारतीय बालयकृतविकार म्हणून ओळखला जाणारा रोग महाराष्ट्रात आढळे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह १९८० च्या दशकात त्याचा अभ्यास केला. या मुलांच्या यकृतात ताम्र अतोनात साठलेले होते आणि कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापवलेले, ठेवलेले वरचे दूध अगदी लहानपणी पाजल्याचा इतिहास वारंवार मिळत होता. १९८७ मध्ये याच गटाने पेनिसिलामिनच्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यात लवकर आलेल्या मुलांना लाभ झालेला दिसला. घरोघरी स्टीलची पातेली आली, भांड्यांबाबत प्रबोधन झाले आणि तो रोग झपाट्याने ओसरला. हितकर मानलेला धातूही वय, मात्रा व संस्कार चुकल्यास यकृताचा शत्रू होतो, हा त्याचा अर्थ. विल्सन विकाराचा संशय असलेल्या तरुणास ताम्रयुक्त कल्प देऊ नये, हे ओघानेच आले.

औषधालयांसाठी

औषधालयाच्या मालकांनी चार गोष्टी पाळाव्यात. जलोदर वा प्लीहावृद्धी असलेल्या रुग्णास अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या परस्पर देऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव व वृक्कविकार दोन्ही उद्भवतात. झोपेच्या गोळ्याही देऊ नयेत. औषधे व सौंदर्य प्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असलेल्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असते, ती ग्राहकास वाचून दाखवावी. शेवटची गोष्ट द्रव्याच्या ओळखीची. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, तेव्हा आयुष मंत्रालयाने द्रव्य नेमके कोणते होते, हाच प्रश्न उपस्थित केला. तो वाद बाजूला ठेवला तरी प्रमाणपत्राविना सुटी वनस्पती विकणाऱ्याकडून माल घेणे थांबवावे, एवढे त्यातून निश्चित ठरते.

यकृतविकाराचा हा रुग्ण प्रथम आपल्याच दाराशी येतो, कारण आपण जवळ आहोत, त्याची भाषा बोलतो आणि सुटीच्या दिवशीही दवाखाना उघडा ठेवतो. त्याच्या पोटावरील सिरा, डाव्या फासळ्यांखालील प्लीहा आणि कागदावरील प्लेटलेट या तीन गोष्टी आपण नियमाने पाहिल्या, तर त्यास वेळेवर योग्य ठिकाणी पाठवता येईल आणि पुढील पथ्य व औषधयोजनेत आपला सहभागही राहील. सर्व व्यवसायबंधू-भगिनींनी आपल्या दवाखान्यात ही तपासणी आजपासून सुरू करावी, अशी आमची नम्र विनंती आहे.